ग्रेफ्रायर्स, लंडन: थडगी नाहीत, जागा मात्र आहे

सेंट पॉल्स कॅथीड्रल झालं की बहुतेक जण नदीकडे उतरतात. त्याऐवजी उत्तरेला न्यूगेट स्ट्रीटवर या. किंग एडवर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक बुरूज, पडक्या भिंती आणि गुलाबांची बाग दिसेल. नकाशात ‘क्राइस्टचर्च ग्रेफ्रायर्स’ असं पूर्ण नाव टाका. नुसतं ‘ग्रेफ्रायर्स’ टाकलं तर एडिंबराही निघतं. सेंट पॉल्स स्टेशन अगदी जवळ आहे, पण तिथे लिफ्ट नाही. व्हीलचेअर असेल तर बस बरी.

दिसतं ते मध्ययुगीन आहे असं समजून लोक फोटो काढतात, ते चूक. करड्या झग्यांच्या फ्रान्सिस्कन भिक्षूंचं चर्च 1306 ते 1348 या काळात उभं राहिलं. लांबी सुमारे 300 फूट. ते 1666च्या लंडनच्या मोठ्या आगीत गेलं. ख्रिस्तोफर रेनने जुन्याच पायावर नवं चर्च बांधलं, पण फक्त पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. तेही 29 डिसेंबर 1940च्या रात्री बॉम्बनी जळालं. आज बागेत वेलींचे लाकडी मनोरे आहेत तिथे रेनचे खांब होते, आणि वाफे आहेत तिथे बाकांच्या रांगा. आपल्या देवळाच्या भाषेत सांगायचं तर बाग म्हणजे जुन्या चर्चची गाभाऱ्याकडची बाजू. सभामंडप होता बुरुजाच्या पश्चिमेला.

या गाभाऱ्याकडच्या बाजूलाच इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याची दुसरी राणी मार्गारेट (1318) आणि दुसऱ्या एडवर्डची राणी इझाबेला (1358) यांना पुरलं. पहिल्या एडवर्डची आई, प्रोव्हान्सची एलेनॉर, हिचं फक्त हृदय इथे आणलं, देह एम्सबरीला.

थडगी मात्र आगीने नेली नाहीत आणि बॉम्बनीही नाहीत. 1538 मध्ये या भिक्षूंचा मठ बरखास्त झाला आणि पुढे मार्टिन बोज या सोनाराने, जो शहराचा आल्डरमन (वरिष्ठ नगरसेवक) ही होता, अलाबास्टर-संगमरवराची नऊ थडगी आणि वर सात विसा म्हणजे 140 थडग्यांच्या शिळा सुमारे 50 पौंडांना विकून टाकल्या. कोण कुठे पुरलंय याची भिक्षूंनी केलेली नोंदवही तेवढी उरली. ती ब्रिटिश लायब्ररीत आहे.

बुरुजात लोक राहतात, त्यामुळे आत जाता येत नाही. कामाच्या दिवशी दुपारी बारा ते दोन बाकं डबा खाणाऱ्यांनी भरलेली असतात. शनिवार-रविवारी शांतता असते, पण आसपासची बरीच कॉफीची दुकानं बंद. वस्तू म्हणून काही बघायचंच असेल तर न्यूगेट स्ट्रीटने पश्चिमेला सेंट सेपल्करमध्ये जा. 1940च्या आगीतून एका पोस्टमनने बाहेर काढलेलं रेनच्या चर्चमधलं बाप्तिस्मा-कुंडाचं लाकडी झाकण तिथे आहे. ते चर्च रोज उघडं नसतं, वेळा बघूनच निघा.