कोजागरी आणि अठराचा आकडा

९ ऑक्टोबर २०२२ रोजी कोजागरी होती आणि मी रजा टाकून गुहागरजवळच्या आमच्या घरी आले होते. खळ्यात दूध आटत होते. पौर्णिमेच्या आगेमागे गॅमा किरणांचा माग काढणाऱ्या आमच्या दुर्बिणी जवळजवळ बंदच का असतात, हे मी काकांना सांगत होते. अतिऊर्जावान गॅमा किरण वातावरणावर आदळला की उमटणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश काही अब्जांश सेकंदच टिकतो आणि चांदण्यात तो बुडून जातो. आयुष्य मासेमारीत गेलेल्या काकांना यात काही नवल वाटले नाही. "उजेडाच्या रात्री जाळं टाकून उपयोग नसतो, बाय, माशाला ते दिसतं," एवढेच ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी फर्मी उपग्रहाने आजवरचा सर्वांत तेजस्वी गॅमा-स्फोट, म्हणजे दूरच्या दीर्घिकेतून आलेला गॅमा किरणांचा अल्पकाळचा झोत, टिपला होता, हे मला रात्री उशिरा कळले. मागाहून हिशेब केला तेव्हा लक्षात आले, की शर तारकासमूहातील ती जागा त्या क्षणी आमच्या खळ्याच्या जवळजवळ थेट माथ्यावर होती.

मात्र ज्या दिवसासाठी हे लिहिते आहे, तो ११ ऑक्टोबरचा. चीनच्या सिचुआन प्रांतात ४,४१० मीटर उंचीवर ल्हासो नावाची वेधशाळा आहे. ती जमिनीपर्यंत पोहोचलेले कण मोजते, त्यामुळे चांदण्याचे तिला सोयरसुतक नाही. स्फोटाच्या पहिल्या दोन हजार सेकंदांत पाच हजारांहून अधिक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळाले आणि त्यांची ऊर्जा १८ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) जाते, असे तिने त्या दिवशी जाहीर केले. पडवीच्या एकाच कोपऱ्यात मोबाइलला रेंज येते. तिथे उभ्यानेच मी तो मजकूर तीनदा वाचला.

अठरा हा आकडा आमच्या धंद्यात सहजासहजी पचणारा नाही. स्फोटाचा प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांचा प्रवास करून आला आहे. विश्वात ताऱ्यांचा आणि तापलेल्या धुळीचा मंद प्रकाश सर्वत्र पसरलेला असतो; तोच पार्श्वभूमीचा प्रकाश. एवढ्या ऊर्जेचा गॅमा फोटॉन त्यातल्या अवरक्त फोटॉनवर आदळतो आणि दोघे मिळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते. या प्रकाशाचे प्रचलित प्रारूप घेऊन मी लॅपटॉपवर गणित मांडले, तेव्हा अठराचा फोटॉन इथवर सुखरूप येण्याची शक्यता कोटीत एकाच्याही खाली निघाली. मधेच वीज गेली आणि उरलेली आकडेमोड बॅटरीवर उरकावी लागली.

दुपारी माझ्या वरिष्ठांचा फोन आला. त्यांच्या मते उत्तर समोरच होते. अॅक्सिऑनसदृश कण, म्हणजे अजून कुणालाही न सापडलेले, केवळ सिद्धान्तात असलेले हलके कण, खरोखर असतील, तर स्फोटाच्या दीर्घिकेतील चुंबकीय क्षेत्रात काही फोटॉन त्यांचे रूप घेतील. या रूपात पार्श्वभूमीचा प्रकाश त्यांना अडवणार नाही, आणि आपल्या आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात त्यांतले काही पुन्हा फोटॉन होतील. "आठवड्यात लेख गेला पाहिजे," असे त्यांनी बजावले.

कल्पना सुंदर आहे, हे मी तेव्हाही मान्य केले. पण कणाचे वस्तुमान, फोटॉनशी त्याचे बंधन (म्हणजे एकाचे दुसऱ्यात रूपांतर किती सहज होते), तिकडच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता आणि ते किती अंतरापर्यंत एका दिशेत राहते, या चार खुंट्या हाताशी असल्या की तंबोरा हव्या त्या सुरात लागतो. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील, असे कण शोधणाऱ्या कास्ट प्रयोगाने बंधनावर २०१७ मध्ये घातलेली मर्यादा पाळूनही मला अठरा जुळवता आले, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटली.

माझा खरा आक्षेप आकड्यावरच होता. जमिनीवर पोहोचलेल्या कणांवरून मूळ ऊर्जा काढताना चूक होतेच, आणि वर्णपट उतरता असल्यामुळे ती चूक दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. दहाचे फोटॉन अठराच्या फोटॉनांपेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यांतल्या मूठभरांची ऊर्जा वाढीव मोजली गेली, तरी अठराच्या रकान्यात गर्दी दिसते. शिवाय ऊर्जा काढताना वर्णपटाचा आकार आधीच गृहीत धरावा लागतो. हे त्यांना फोनवर दोनदा समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि मसुदा कधी मिळेल ते विचारले. मी लेखावर नाव घालण्यास नकार दिला. पुढच्या काही दिवसांत जगभरातून याच विषयावर लेखांची रीघ लागली. त्यांतले थोडेच लेखक मोजमापाच्या चुकीपाशी थांबले होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ल्हासोचे सविस्तर विश्लेषण आले आणि कमाल ऊर्जा सुमारे १३ वर उतरली. एवढ्याने फोटॉन तगण्याची शक्यता हजारो पटींनी वाढते. वरिष्ठांनी त्यावर माझ्याशी एक शब्दही काढला नाही.

तरीही माझे समाधान झालेले नाही. त्याच विश्लेषणातून पार्श्वभूमीचा अवरक्त प्रकाश काही प्रारूपांच्या अपेक्षेपेक्षा कमी असावा, असे निघते. तो खरोखरच कमी आहे, की तिथे वेगळेच काही आहे, हे त्या एका स्फोटावरून ठरत नाही. आणि मी नकार दिला तो मोजमापाला होता, त्या कणांना नव्हता. ११ ऑक्टोबरची ती फाइल अजून माझ्याकडे आहे. पार्श्वभूमी प्रकाशाचे नवे प्रारूप हाती आले की मी ती उघडते, अठराच्या जागी तेरा घालते आणि चारही खुंट्या शून्यावर ठेवून आधी तेवढेच गणित करून पाहते.