पदराआधीचा हात

माझी नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, क्वालिटीला. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर व्हर्नियर आणि समोर तपासायच्या पार्टचा ट्रे. माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल एवढ्या फरकात, बसलं तर ओके, नाही बसलं तर लाल डबा. एकोणीस वर्षं हे करतेय आणि मला ते मनापासून आवडतं. २०२२ साली भावाला मुलगी झाली. त्या दिवाळीच्या बोनसमधून मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि फोटोही त्याच नजरेने तपासायला लागले. रविवारी रात्री लॅपटॉपवर एकेक फोटो शंभर टक्के मोठा करून बघायचा, पापण्यांचे केस सुटे सुटे दिसले तर ठेवायचा. नाही दिसले तर डिलीट.

असाच एक फोटो मी डिलीट केला, त्याबद्दल पुढे सांगतेच. आधी बोरन्हाणाचं सांगते, कारण उजेड म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं, पहिलं बोरन्हाण जानेवारी २०२३ मध्ये झालं. इंदिरानगरातला फ्लॅट, संध्याकाळी साडेसात. हॉलमध्ये ट्यूबलाइट, वरच्या पीओपीत पिवळे दिवे, शेजारच्या पंधरा बायका आणि त्यांची मुलं. पाटावर बाळ, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. वहिनीच्या आईने येवल्याहून स्वतः गुंफून आणलेले: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओतायला सुरुवात झाली आणि मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडला. पहिल्याच लखलखाटाला बाळाने डोळे घट्ट मिटले. मागच्या भिंतीवर काळी कडक सावली. पुढच्या प्रत्येक फोटोत ती फ्लॅशची वाट बघत असल्यासारखी अंग चोरून बसलेली आहे.

घरी येऊन बघितलं तर आणखी एक गोष्ट बिघडली होती. काळं झबलं राखाडी दिसत होतं आणि हलव्याचा हार म्हणजे नुसता पांढरा पट्टा. हलव्याला काटा आणायला किती वेळ लागतो ते ज्यांनी परातीत पाक थेंब थेंब सोडून हलवा केला आहे त्यांना विचारा. वहिनीच्या आई चार दिवस शेगडीपुढे बसल्या होत्या. त्या हलव्याचा एकही काटा माझ्या फोटोत नव्हता. मला फार वाईट वाटलं.

कारण मागाहून समजलं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य साधारण मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड ठरवतं. समोर काळं कापड जास्त असलं की त्याला वाटतं अंधार आहे, मग ते उजेड वाढवतं. काळं करडं होतं आणि पांढरं जळून जातं. उपाय एका बटणाचा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड एक पायरी कमी करायचा. काळ्या साड्या, काळी झबली, संक्रांतीचं अख्खं हळदीकुंकू, सगळ्याला हेच लागू. काळ्या कपड्यांचा आपल्याकडे एवढा एकच सण, पण मला मीटर समजलं ते त्या सणामुळे.

पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधी वहिनीकडे गेले आणि म्हटलं, यंदा बोरन्हाण पाच वाजता करूया, बाल्कनीच्या दारापाशी. सोपं नव्हतं. बायका हळदीकुंकवाला दिवेलागणीलाच येतात, पाच वाजता कोण येणार? शेवटी वहिनीच्या आईच म्हणाल्या, "मुलांना आधी बोलवा, बायका मागून येतील. नाहीतरी बोरं वेचायला मुलंच लागतात." घरातले सगळे दिवे मी बंद केले. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट-हिरवी होते, मग किती खटपट केली तरी रंग जुळत नाही. शटर १/५०० सेकंद, अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००. फ्लॅश नाही. मी पाटाच्या समोर फरशीवर मांडी घालून बसले, म्हणजे बाळाचे डोळे आणि माझी लेन्स एका उंचीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलांची फक्त टाळू दिसते.

त्यातला एक फोटो माझ्याकडे भिंतीवर आहे. एक बोर तिच्या कपाळावर आपटून उडालंय, अजून हवेतच आहे. तिचा डावा डोळा अर्धा मिटलाय, आणि समोरच्या घरातला मुलगा पाटाखाली हात घालून तिच्या मांडीजवळची रेवडी उचलतोय. मुकुटाच्या कडेच्या हलव्यावर तिरका उजेड आहे आणि त्याचे काटे मोजता येतात. मी वहिनीच्या आईंना ती प्रिंट दिली. त्यांनी आधी हलवा बघितला, मग नातीला.

लेन्सचंही सांगायला हवं, कारण नवीन लोक हीच चूक करतात. सगळे सांगतात ५० एमएम, १.८ घ्या, स्वस्त आणि मस्त. खरं आहे. पण काही कंपन्यांच्या या लेन्सच्या जुन्या प्रकारात फोकसची मोटर लेन्समध्ये नसते, ती कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते, आणि माझ्या बॉडीत ती नाही. सेकंडहँड घेताना मी हे विचारलंच नाही. दुकानदारानेही सांगितलं नाही. लेन्स परत घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून मी वर्षभर हाताने रिंग फिरवून फोकस केला. बोटांना मायक्रोमीटरची थिंबल हळूहळू फिरवायची सवय होती, ती कामी आली. तरी पळणाऱ्या मुलाला हाताने फोकस करणं अवघडच. मग मी झोपाळा पकडला. पंचवटीत मामाच्या घरी ओसरीवर सागवानी झोपाळा आहे, पितळी कड्यांचा. झोका टोकाला गेला की परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो. त्या जागेवर आधीच फोकस करून ठेवायचा, मूल तिथे आलं की बटण. १/१२५ लाही चेहरा स्थिर येतो. शिवाय त्या टोकाला मुलांच्या पोटात गोळा येतो आणि तो तोंडावर दिसतो. मी त्या झोपाळ्यासमोर कितीतरी रविवार घालवले आहेत.

आणि हो, क्रॉप सेन्सरवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० एमएम ही ७५ ते ८० सारखी वागते. फ्लॅटच्या हॉलमध्ये पाठ फ्रिजला टेकेपर्यंत मागे गेलात तरी पाचजण मावत नाहीत. घरातल्या गर्दीसाठी ३५ बरी. ग्रुप फोटोला अॅपर्चर १.८ विसरा, पुढची रांग स्पष्ट आणि मागच्या रांगेतले काका धूसर येतात, आणि काका ते वर्षभर ऐकवतात. दोन रांगा असतील तर ५.६ तरी ठेवा.

आता थोरल्या भाच्याबद्दल. तो आठ वर्षांचा आणि कॅमेरा दिसला की तळहात पुढे करणारा. मला वाटायचं लाजतो. एका रविवारी त्याला पांडवलेण्याच्या पायथ्याला फाळके स्मारकात घेऊन गेले. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म, आणि शेवटही इथेच नाशकात, १९४४ साली. मी त्याला सांगत होते की त्यांनी कुंडीत दाणा पेरून त्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं. की १९१३ च्या पहिल्या चित्रपटात हरिश्चंद्राचा मुलगा त्यांच्या स्वतःच्या मुलाने, भालचंद्रने केला. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आतू, त्यांनी मुलांना आधी विचारलं होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "मी तुला विचारत नाही म्हणून तू हात पुढे करतोस का?" तो म्हणाला, "तू काढलेले फोटो आई ग्रुपवर टाकते. मग शाळेच्या व्हॅनमधल्या काकू म्हणतात, काय रे, रडत होतास ना?"

एवढं साधं कारण होतं. मी त्याच दिवशी त्याला शब्द दिला: तुझा फोटो तुला दाखवल्याशिवाय कुणाला जाणार नाही आणि तू नको म्हणालास तर तो तुझ्यासमोर पुसेन. रडतानाचे, अंघोळीचे, आजारपणातले फोटो आता कुणाचेच ग्रुपवर जात नाहीत. वहिनीला पटायला थोडा वेळ लागला, पण पटलं. भाच्याने मला बारा फोटो पुसायला लावले, मी पुसले. तेराव्याला तो म्हणाला, "हा राहू दे." त्यात तो मामाच्या ओसरीवर पतंगाला कणी बांधतोय, जीभ दातांत धरून. त्यानंतर तळहात पुढे आलेला नाही. मुलांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, मूल दोन वर्षांचं असलं तरी त्याला स्क्रीन दाखवा. ते बघतं, आणि त्याला काय आवडलं नाही ते नीट सांगतं.

स्वयंपाकघरातही असंच. मामी कुठल्याच कार्यक्रमाच्या फोटोत नसते. जेवणाआधी ती पुऱ्या तळत असते, जेवणानंतर वाढून उरलेलं काढत असते. मी कॅमेरा घेऊन आत गेले की "अगं, अवतार बघ माझा, बाहेर जा". एकदा मी कॅमेरा फळीवर ठेवला आणि लाटायला बसले. चाळीसेक पुऱ्या झाल्या, गप्पा झाल्या, मग हात पुसून सहज कॅमेरा उचलला. तिने वर पाहिलंही नाही. झाऱ्यावर फुगलेली पुरी, तिच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या वर सारलेल्या, आणि खिडकीतून आलेल्या उजेडात तेलाची वाफ. तिच्या मुलाने तो फोटो पुण्याच्या खोलीत लावलाय.

आणि आता तो डिलीट केलेला फोटो.

मे २०२३ मध्ये आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. आजी म्हणजे आईची आई, एक्याऐंशीची. मामाच्या घरी माजघरात तिला चौरंगावर बसवलं, परातीत ८१ दिवे लावले आणि मामाने वरचा दिवा मालवला. नुसत्या दिव्यांचा उजेड. आयएसओ ३२०० करूनही शटर १/३० च्या वर जाईना. मुली, सुना, नाती ओवाळत होत्या. भाची तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. ती परातीकडे निघाली, वहिनीने मागून धरलं, तर तिने आजीकडे तोंड करून एक जोरदार फुंकर मारली. दिवा एकही विझला नाही, पण आजीला हसू फुटलं.

आजी हसली की पदर तोंडावर घेते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासूनची सवय. पुढचे दोन दात गेल्यावर ती आणखी पक्की झाली. मी त्या वेळी बटण दाबलं तेव्हा हात निघाला होता, पण पोचला नव्हता. फोटोत चेहरा किंचित हललेला, आणि हाताच्या जागी हनुवटीशी एक फिकट पट्टा, पदराचा काठ त्यात मिसळलेला. मी तो शंभर टक्के मोठा केला, पापण्या दिसल्या नाहीत, लाल डबा. कचरापेटीही रिकामी केली, कार्ड फॉरमॅट केलं.

सात-आठ महिन्यांनी आई सहज म्हणाली, "तो दाखव ना, आई हसतेय तो. तू तेव्हा कॅमेऱ्यावर दाखवला होतास. मी तिला एवढं तोंडभर हसताना लहानपणापासून कधी पाहिलंच नव्हतं गं."

मी आईला खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला उठली. त्या रात्री मला झोप आली नाही. कारखान्यात मी रिजेक्ट केलेला पीस वितळवून पुन्हा घडवता येतो. हा फोटो स्पष्ट नव्हता हे खरं, पण तो हलला होता कारण आजी हलत होती. हात हलला नसता तर तिथे आजीच नसती.

आता मी हललेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि वर्षभर त्यांना हात लावत नाही. दोन हार्ड डिस्क आहेत, एक भावाकडे असते. आणि दर सहा महिन्यांनी चार बाय सहाच्या प्रिंट काढते, कारण आजीला फोनवरचं दिसत नाही.

मागच्या महिन्यात साठ प्रिंट घेऊन पंचवटीत गेले. आजी ओसरीवर झोपाळ्यावर बसली होती. एकेक फोटो हाताच्या अंतरावर धरून, उजेडाकडे वळवून बघत होती. तिचा स्वतःचा आला, भाऊबीजेचा, पदर तोंडावर घेतलेला. तिने तो माझ्याकडे परत दिला.

"हा नको. तोंडच दिसत नाही माझं."

"मग तू हात काढ ना आजी, मी आत्ता काढते."

"बरं, काढ," म्हणाली, आणि सरळ बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. तिला हसू आलं आणि हात पदराकडे निघाला.