मॅचच्या दिवशी दादरचं सँडविच आणि ब्रेडचा ताप : माझा अनुभव

मुंबईच्या रस्त्यावरच्या सँडविचचा विषय निघाला की सगळे चटणीवर बोलतात. चटणी हवीच, पण सँडविचचा सगळा भार असतो ब्रेडवर. दादरला वाढलेल्या मला हे बंगळुरात आल्यावर कळलं. दादरला सँडविचवाल्याच्या टेबलावर योग्य ब्रेड रोज असतोच, इथे तो मिळवावा लागतो.

30 ऑक्टोबर 2025 च्या रात्री सेमीफायनलमध्ये जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 करून ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 चं लक्ष्य गाठून दिलं, आणि त्याच रात्री बिल्डिंगच्या ग्रुपवर ठरलं की रविवारची महिला वर्ल्ड कपची फायनल आमच्या घरी बघायची. खायला काय, हा प्रश्नच नव्हता. फायनल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, तेव्हा ताटलीतही मुंबईच हवी.

या सँडविचला मोठा चौकोनी, बिनगोडाचा, जरा घट्ट ब्रेड लागतो. एक दिवस शिळा असेल तर फारच छान, कारण तो लोणी-चटणी-टोमॅटोचं पाणी सहन करतो. आमच्या भागात सहज मिळतो तो मिल्क ब्रेड. गोडसर आणि इतका मऊ, की बटाट्याची चकती ठेवली तरी खचतो. म्हणून शुक्रवारीच एका बेकरीत ऑर्डर दिली. साखर कमी घाला, शनिवारी संध्याकाळी भाजून ठेवा, रविवारी सकाळी गार ब्रेडच्या स्लाइस करून द्या. मालकाने वहीत लिहून घेतलं, माझा नंबर घेतला, अॅडव्हान्सही घेतला.

रविवारी सांगितलेल्या वेळेला गेले, तर ब्रेडचा पत्ता नाही. शनिवारी 1 नोव्हेंबर, राज्योत्सव म्हणजे कर्नाटकचा स्थापना दिवस, कारीगर सुट्टीवर. भट्टी रविवारी सकाळीच लागली होती. सुट्टीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, सण त्यांचाही आहे. पण 1 नोव्हेंबर काही अचानक येत नाही. ऑर्डर घेताना सांगता आलं असतं, निदान शनिवारी एक फोन करता आला असता. नंबर कशासाठी लिहून घेतला मग? ‘ऐदु निमिष, मॅडम,’ असं म्हणत मला काउंटरपाशी उभं केलं आणि त्या पाच मिनिटांत दुपार झाली. तीनची मॅच, घरी वीस माणसं येणार, आणि मी लाल-पिवळ्या पताकांखाली केकची काच बघत उभी.

शेवटी ब्रेड आला तो थेट भट्टीतून, हात लावला तर चटका बसेल असा. आणि तसाच मशीनमध्ये घातला! गरम ब्रेडचा गर आत ओलसर, चिकट असतो. वाफ जाऊन तो बसायला दोन-तीन तास लागतात. पात्यांनी तो कापला नाही, ओढला. वरची कड आत दबली, स्लाइस एकमेकींना चिकटल्या, पात्यांवर कणकेसारखा लगदा जमला. मी पहिल्याच ब्रेडला मशीन थांबवायला लावलं आणि बाकीचे सगळे अख्खे मागून घेतले. ते प्लास्टिकच्या पिशवीत भरायला निघाले होते, तेही नको म्हटलं. गरम ब्रेडला प्लास्टिकमध्ये घाम सुटतो. कागदात गुंडाळून आणा.

घरी येऊन ब्रेड जाळीवर, पंख्याखाली ठेवले. टीव्ही लावला तर मैदानावर कव्हर्स. नवी मुंबईत पाऊस. एरवी फायनलला पाऊस म्हणजे जीव खालीवर होतो, पण त्या दिवशी मला तो माझ्यासाठीच आल्यासारखा वाटला. मॅच पाचला सुरू झाली, एकही ओव्हर कापली नाही, आणि तोवर ब्रेड कापण्याजोगे झाले होते. ब्रेड आडवा करून दातेरी सुरीने, दाब न देता, फक्त पुढे-मागे ओढत कापायचा. माझ्या स्लाइस एकसारख्या, सरळ निघाल्या. मशीनपेक्षा चांगल्या, हे मी अभिमानाने सांगते.

पुढचं सगळं भराभर झालं. खारं लोणी दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावा, ते पाणी अडवतं. मग चटणी, बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. भाजलेलं जिरं, बडीशेप, मिरी, आमचूर, काळं मीठ, थोडी दालचिनी. काकडीला आधी मीठ लावू नका. चटणीत कोथिंबीर, पुदिना, मिरच्या, लिंबू, आणि दाटपणासाठी मूठभर डाळवं. वाटताना बर्फाचे खडे घातले की हिरवी राहते, नाहीतर मिक्सर तापून काळपट होते. शेजारच्या कानडी काकूंनी ती डब्यात भरून मागितली.

स्मृती आणि शफालीची 104 ची सलामी झाली तेव्हा पहिली ताटं फिरत होती, वरून बारीक शेव भुरभुरलेली. शफालीच्या 87 पर्यंत पोरांचं टोस्ट सँडविचही सुरू झालं, गॅसवर, हातातल्या अॅल्युमिनियमच्या टोस्टरमध्ये. दीप्तीने पाच विकेट घेतल्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला कप आपला झाला, तेव्हा खाली फटाके आणि वर रिकामी ताटं. एक स्लाइस उरली नाही.

बेकरी मी आता बदलली आहे. नव्या ठिकाणी संध्याकाळी भट्टी लागते, आदल्या रात्रीच ब्रेड अख्खा हातात मिळतो. तुम्हीही आदल्या दिवशीच ताब्यात घ्या, आणि ऑर्डर देताना कॅलेंडर बघून सुट्टीचं स्वतःहून विचारा. पूर्ण पैसे आधी देऊ नका. हो, आणि बीट सालासकट उकडा, रंग पाण्यात जात नाही.