एक रुपया दंड

शनिवार, रात्री

मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल लागून आज आठवडा झाला. ७२० पैकी ४३१. घरात कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. लेकीनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "जेवायला काय आहे?" तिच्या बाबाला ते लागलं. मला नाही. तीन तासांत १८० प्रश्न, उत्तर चुकलं की एक गुण वजा, आणि त्यापायी दोन वर्षं पहाटे साडेपाचला उठणारी पोर. तिला भूक लागली तर बिघडलं कुठं?

फोन मात्र थांबत नाहीत. "मग हॉस्पिटल कोण बघणार?" राजारामपुरीतलं आमचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल म्हणजे जणू गोठ्यातली म्हैस, धार काढायला घरचंच माणूस पाहिजे! नवऱ्याच्या एका वर्गमित्रानं तर मॅनेजमेंट कोट्याचा हिशेबच पाठवलाय. सगळ्या वर्षांची फी मिळून कोटीच्या घरात. नवरा तो हिशेब रोज एकदा उघडून बघतो आणि बंद करतो. दुसरा पर्याय रिपीटचा, म्हणजे वर्षभर लातूरला क्लास.

लेकीचा पर्याय: बी.कॉम.

एखाद्या गोष्टीचं वेड असतं तर सोपं गेलं असतं. नेमबाज तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे आपल्याच जिल्ह्यातले. रायफल हवी म्हणाली असती तर घेऊन दिली असती, वर चार लोकांना कौतुकानं सांगितलंही असतं. पण हिला तसलं काहीच नकोय. दहा ते सहा नोकरी, संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर, रविवारी सुट्टी. "रविवारी म्हणजे रविवारीच हं आई, तुझ्यासारखं नाही."

मी जरा आवाज चढवला तेव्हा शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं एवढं राबलात ते कशासाठी? मला नीट जगता यावं म्हणूनच ना? मग जगतो की मी."

(कोल्हापूरच्या पोरी "जगतो", "येतो", "जातो" म्हणतात. मेडिकलला मिरजेला होते तेव्हा पुण्याच्या मुली मला यावरून हसायच्या. नंतर मी बोलणं सुधारून घेतलं. हिनं घेतलेलं नाही.)

लेकीच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीपीची गोळी घ्यायची राहिली होती, ती घेतली.

रविवार

गावी, वडिलांकडे जाऊन आले. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्र्याऐंशी पूर्ण झाली, पेपर अजून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत.

आमच्या घरात शिक्षण शिरलं ते एका रुपयाच्या दंडानं, असं आबा नेहमी सांगतात. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. माझे पणजोबा पोराला म्हसरांमागं पाठवायचे. दंडाची गोष्ट कानावर आली, तेव्हा त्यांनी महाराजांना शेतात उभं राहून भरपूर शिव्या घातल्या, आजूबाजूला कुणी नाही बघून, आणि दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत नेऊन बसवलं. त्या पोराचा मुलगा मास्तर झाला, ते आबा. मास्तरची मुलगी डॉक्टर झाली, ती मी.

मला ढकललं ते आबांनी. पहाटे चारला उठवायचे. पेंग आली की पाय थंड पाण्याच्या बादलीत. आमच्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा. मला मिरज मिळालं. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीला इतकी घाबरले की "मला घेऊन जा" असं पत्र लिहिलं. आबा एसटीनं आले. कॅन्टीनमध्ये बसून चहा घेतला, चिवड्याचा डबा हातात दिला, आणि पत्राबद्दल एक अक्षर न बोलता पुढच्या एसटीनं परत गेले. ते बोलले असते तर मी भांडले असते. चिवड्याशी काय भांडणार?

म्हणून आज त्यांच्याकडे गेले. वाटलं, हे म्हणतील, ढकल पोरीला.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दंड कुणाला हुता? ज्येच्या घरात पोराबिगर काम अडत हुतं, त्येला. तुझं काय अडलंय?"

"हॉस्पिटल," मी म्हणाले.

"मंग म्हसरं राखायलाच ठेवायला लागलीयास की."

आणि पेपर पुन्हा वर केला.

परतीच्या वाटेवर चिडचिड होत राहिली. आबांचं सगळंच खरं मानायचं काय कारण? मला विचारलं होतं का त्यांनी? बादलीत पाय घालताना कुठं गेला होता हा शहाणपणा? पण त्यांच्या पाठीशी एक सरळ कारण होतं. मी मागं पडले असते तर दोन एकर आणि लग्न, दुसरं काही नव्हतं. आमच्या पोरीला मागं पडायला जागाच नाही, मागं फ्लॅट आहे.

सोमवार

ओपीडी तुडुंब. मधल्या वेळात डोकं तिथंच.

एक गोष्ट पक्की झाली: सीट विकत घ्यायची नाही. नवरा म्हणाला, "एकदा आत गेली की करेल." करेलही. पण साडेपाच वर्षं, मग पुन्हा परीक्षा आणि पीजीची तीन. तिशी येईल. तोवर आपण कोटीचा आकडा तोंडातून काढला नाही तरी तो रोज ताटाशेजारी बसलेला असेल. ढकलायचं तर स्वतःच्या हातानं ढकलावं, पैशाचा धक्का वेगळा.

दुसरं मात्र पक्कं होत नाही. खरं तर आमच्यासारख्यांच्या मुलांनीच अवघड वाट धरावी असं मला वाटतं. ज्याच्या घरी कर्ज काढून शिकवलंय त्यानं लवकर कमावणं भागच आहे. आमच्या मुलांना चार वर्षं पैसे नाही मिळाले तरी चूल पेटते. आडगावच्या आरोग्य केंद्रात जाणं, संशोधनात दहा वर्षं घालवणं आम्हालाच परवडतं. आणि नेमकी आमचीच मुलं दहा ते सहा मागतात. मग वाटतं, मागणारच. डॉक्टरांच्या घरात वाढलेल्या पोरीइतकं हे काम आतून कुणी पाहिलंय? हिनं पाढे पाठ केले ते लेबर रूमच्या बाहेरच्या बाकावर. शाळेच्या गॅदरिंगला मावशी गेल्या, मी सिझेरियनमध्ये होते. एका पेशंटच्या नातेवाइकांनी रिसेप्शनची काच फोडली तेव्हा ही आठवीत होती, आत औषधांच्या कपाटामागं बसली होती. तिनं हे पाहूनच नको म्हटलंय. मी काही न पाहता हो म्हटलं होतं.

भीती कसली वाटते तेही लिहून ठेवते. अंग थकलंय पण काम सोडून चालत नाही, अशी रात्र हिच्या वाट्याला कधी आलीच नाही तर? मला त्या रात्रींनी घडवलं, असं मी लोकांना सांगते. खरंच घडवलं, की दुसरा इलाज नव्हता म्हणून मी त्याचा अभिमान बाळगायला शिकले, हे आता मलाही सांगता येणार नाही.

बुधवार, पहाट

रात्री पावणेदोनला सिस्टरचा फोन. प्रसूतीनंतर रक्तस्राव. नवरा परगावी. बाहेर धो धो पाऊस. चप्पल शोधतेय तोवर लेक किल्ली घेऊन दारात. लायसन्स येऊन महिना झालाय. "मी काढतो गाडी, तू फोनवर सांग काय द्यायचं ते." ताराराणी चौकातून तिनं गाडी इतकी बेतानं आणली की मी सिस्टरला औषधं आणि डोस नीट सांगू शकले.

दीड तासानं बाहेर आले. बाई स्थिर होती. रिसेप्शनला लेक त्या बाईच्या सासूशेजारी बसलेली. तिला चहा दिला होता, रक्तपेढीची चिठ्ठी घेऊन बाईच्या नवऱ्याला रवाना केलं होतं, गाव, फोन नंबर, सगळं कागदावर व्यवस्थित. म्हातारी तिचा हात धरून होती.

मी मनात लगेच लातूरच्या हॉस्टेलची चौकशी सुरू केली. खोटं कशाला लिहू?

परत येताना उजाडत होतं. गंगावेशीत गाडी थांबवली. कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या होत्या, पाऊस उणावला होता. दोघींनी एकेक ग्लास धारोष्ण दूध घेतलं. तिच्या ओठावर फेसाची मिशी.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"चांगलं वाटलं," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतोय, मला नको."

मग तिनं दोन्ही ग्लासांचे पैसे दिले आणि झोप आलीये म्हणून गाडी मला चालवायला सांगितली.