तुम्ही विचारलंत म्हणून : अधू डोळे कोणाला हवेत?

मरणोत्तर माझे डोळे संशोधनासाठी घ्यावेत असे मी लिहून दिले आहे, हे कळल्यावर बहुतेक जण जरा चाचरतच विचारतात, "तुमच्या डोळ्यांचा पडदाच खराब आहे ना, मग ते घेऊन कोणी काय करणार?" प्रश्न रास्त आहे, कारण नेत्रदान म्हटले की दुसऱ्याला दृष्टी मिळणे एवढेच आपल्याला आठवते.

त्या दानात प्रत्यारोपण होते ते कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे. माझा आजार, रेटिनायटिस पिगमेंटोजा, मागच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आहे. त्यात बहुधा आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग बाजूचे. आज मला समोरच्याचा चेहरा दिसतो, पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. हे नेमके कसे घडत जाते, ते पेशींच्या पातळीवर पाहायचे तर डोळाच हाती यावा लागतो. यकृताचा तुकडा काढून तपासता येतो. रेटिनाचा काढायचा म्हणजे उरलीसुरली नजर पणाला लावायची. उंदरांवर प्रयोग होतात, पण वाचायला आणि चेहरे ओळखायला लागणारा मॅक्युला हा मधला भाग उंदराच्या डोळ्यात नसतोच. मानवी रेटिनात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी, सरासरी ४६ लाख शंकुपेशी आणि ९.२ कोटी दंडपेशी, असतात, ही १९९० साली प्रसिद्ध झालेली मोजणीसुद्धा मृत्यूनंतर मिळालेल्या डोळ्यांवरच झाली होती.

म्हणून बिघडलेला डोळा संशोधकांना नकोसा नसतो; त्याच्यासोबत वर्षानुवर्षांचे स्कॅन आणि जनुकीय तपासणीचा अहवाल असेल, तर स्कॅनमध्ये दिसलेला डाग प्रत्यक्षात कोणत्या पेशींचा होता, हे ताडून पाहता येते. (माझी जाडजूड फाइल तेव्हा तरी कोणी आवडीने वाचेल.) निरोगी डोळेही तितकेच लागतात, नाही तर तुलना कशाशी करणार?

खरी अडचण वेळेची आहे. प्राणवायू तुटला की रेटिना झपाट्याने निकामी होऊ लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, मृत्यूनंतर पाच तासांपर्यंत मिळवलेल्या मानवी डोळ्यांतील मॅक्युलाच्या पेशींना पुन्हा प्रकाशाला प्रतिसाद द्यायला लावता आले. पण त्यासाठी डोळे तितक्या लवकर हाती यायला हवेत. तेव्हा नुसता अर्ज भरून भागत नाही. नेत्रपेढीला फोन घरच्यांनीच करायचा असतो आणि अनेक ठिकाणी संमतीही त्यांचीच लागते, म्हणून ते बोलणे मी आधीच उरकून घेतले आहे. चेहरा विद्रूप होईल ही त्यांची भीती निराधार होती, कारण डोळे काढल्यावर पापण्या नीट मिटवल्या जातात.

प्रत्येक नेत्रपेढी संशोधनासाठी डोळे घेतेच असे नाही, आणि त्याची संमती सहसा वेगळी घेतात; माझा कॉर्निया अजून चांगला असल्याने तो प्रत्यारोपणाला आणि मागचा भाग संशोधनाला, अशी दोन्हींची संमती मी दिली आहे.