बाबांची गाडी 31 हजार किमी चाललेली आणि टायर 12 वर्षांचे

बाबांची गाडी म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ. जानेवारी 2013 ला घेतली तेव्हापासून शेडमध्ये कव्हर घालून उभी, बाबा रिटायर झाल्यावर तर आठवड्यातून एकदा भाजी आणि महिन्यातून एकदा बँक एवढंच तिचं काम. 12 वर्षांत 31 हजार किमी. दर दसऱ्याला बाबा स्वतः गाडी धुणार, टायरला काळं पॉलिश मारणार, झेंडूची माळ घालणार, आणि कोणी पाहुणा आला की हमखास म्हणणार, "बघा, टायर अजून ओरिजिनल आहेत, नक्षीसुद्धा गेली नाहीये." मीपण बघायचो आणि मलापण ते बरोबरच वाटायचं, कारण नक्षी खरंच होती.

2025 च्या मे महिन्यात नागपूरला मामेभावाचं लग्न होतं. माझी गाडी सर्व्हिसिंगला अडकलेली म्हणून बाबांची काढली. मी, बाबा, आई, ताई आणि तिचा मुलगा, वर डिकीत आहेराचं सामान आणि मामासाठी आंब्याच्या दोन पेट्या. सकाळी सहाला निघायचं ठरलेलं पण निघेपर्यंत साडेदहा झालेच. संभाजीनगरहून सावंगीला समृद्धीवर चढलो. तिथे छोट्या गाड्यांना 120 ची मर्यादा आहे, पण मी 95-100 च्या वर नेत नव्हतो, बाबा शेजारी असले की तसंही नेता येत नाही.

सिंदखेडराजा मागे गेलं आणि मागून एक धप धप धप असा आवाज यायला लागला. अगदी बारीक. स्टिअरिंगला काहीच जाणवत नव्हतं, फक्त सीटला. ताई म्हणाली काहीतरी वाजतंय रे, मी म्हणालो काँक्रीटचे जोड आहेत. समृद्धीवर जोडांचा आवाज येतोच त्यामुळे सगळ्यांना पटलं. पण जोडाचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, हा बदलत नव्हता, फक्त स्पीडबरोबर वाढत होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा थांबायला हवं होतं.

पाच-सात मिनिटांनी मोठा आवाज झाला आणि गाडीचं बूड डावीकडे ओढलं गेलं. मागचा डावा टायर. एक गोष्ट त्या क्षणी बरोबर झाली, माझा पाय ब्रेकवर गेला नाही. कधीतरी एका ट्रक ड्रायव्हर काकांनी सांगितलेलं डोक्यात बसलं होतं, की टायर फुटला तर ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, सरळ ठेवायचं, अ‍ॅक्सिलेटर हळूहळू सोडायचा आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं, झटका देऊन वळवायचं तर अजिबात नाही. गाडी दोनदा डुलली आणि मग कडेच्या पट्ट्यात जाऊन थांबली. मागे तेव्हा कोणी नव्हतं हे आमचं नशीब. चारही इंडिकेटर लावले, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं केलं, लाल त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवला. आई रामरक्षा म्हणत होती, बाबा एक शब्द बोलत नव्हते.

टायर बघितला तर तो पंक्चर वगैरे झालाच नव्हता. वरची नक्षीची पट्टी, म्हणजे जमिनीला लागते ती, आतल्या स्टीलच्या तारांपासून केळीच्या सालीसारखी सोलून निघाली होती. नक्षी शाबूत आणि टायर संपलेला. बाकीच्या तिन्हीकडे मग नीट वाकून बघितलं, अंगठ्याने कडेचं रबर दाबलं, तेव्हा त्या काळ्या चकचकीत पॉलिशखाली बारीक बारीक भेगा दिसल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा. नक्षीच्या खाचांच्या तळाशी तर नख जात होतं.

टायरच्या कडेवर डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. आमच्यावर होते 4112. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2012 चा 41 वा आठवडा, ऑक्टोबर. साडेबारा वर्षं! कधीकधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, मग गाडीखाली मोबाईलचा टॉर्च मारून वाचावे लागतात, पण एका बाजूला असतातच.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन, उष्णता यांनी ते कडक होत जातं. टायरमध्ये भेगा पडू नयेत म्हणून मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात, ती टायर फिरला, दबला, वाकला की पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन् महिने उभीच असली की ती वर येतच नाहीत. म्हणजे जी गाडी आपण जपून ठेवतो तिच्याच टायरला भेगा लवकर पडू शकतात. आणि ते पेट्रोलियमवालं चकचकीत पॉलिश त्याला मदत करत नाही, उलट वरचा थर घालवतं. आता आम्ही साबणाच्या पाण्याने धुतो आणि सोडून देतो. पाच वर्षं झाली की टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायचे आणि नक्षी कितीही असो, 10 वर्षांच्या पुढे ठेवायचेच नाहीत असं बऱ्याच टायर कंपन्या सांगतात. आमच्याकडच्या उन्हात मी स्वतः तर सहा-सात वर्षांतच बदलीन.

पण एकटं वय नव्हतं, हवासुद्धा होती. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी हवा चेक केली होती, आणि मुद्दाम कमी केली होती. "उन्हाळा आहे, हवा फुगते, म्हणून 26 च ठेवली." हा समज इतका पसरलेला आहे की पंपावरचा पोरगापण तेच सांगतो. गाडीत ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, आमच्या गाडीवर लिहिलंय 33 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तो आकडा थंड टायरचा असतो, आणि टायर गरम झाल्यावर हवा वाढणार हे धरूनच तो दिलेला असतो. तापमान 10 अंश वाढलं की दीड-दोन पीएसआय वाढतात, त्याने चांगला टायर फुटत नाही.

फुटतो तो कमी हवेने. हवा कमी असली की टायर जमिनीला टेकतो तिथे जास्त चेपतो आणि पुढे जाऊन परत सरळ होतो. शंभरच्या स्पीडला आमच्या साइजचं चाक सेकंदाला साधारण 14 वेळा फिरतं, म्हणजे टायरची कड सेकंदाला 14 वेळा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार हातात धरून पटापट वाकवली तर कशी चटका बसेल इतकी गरम होते, तसंच आत चालू असतं. आमच्या गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, बाहेर 43 डिग्री, साडेबारा वर्षांचं रबर आणि 33 च्या जागी 26. बाबांनी काळजीपोटीच हवा कमी केली होती आणि त्यांना ते समजलं तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला तो मला बघवला नाही.

मग स्टेपनी काढली. ती तर कधी जमिनीला लागलीच नव्हती, रबराची कोवळी लव अजून शाबूत, आणि हवा किती तर 14. तिच्यावरपण 4112 च. माझ्याकडे सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप होता, माझ्या गाडीतून काढून सहज टाकलेला, त्याने 33 भरली. हँडब्रेक, पहिला गिअर, पुढच्या चाकाला दगड, नट आधी चाक जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक. (जॅकवर चढवल्यावर नट ढिले करायला जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते, हे घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा, मुलींनापण.) नट घट्ट करताना एकाशेजारी एक नाही, समोरासमोरचे. आणि मग 60 च्या स्पीडने, आंब्याच्या पेट्या मांडीवर घेऊन, मेहकरला उतरलो.

मेहकरला ज्या दुकानात गेलो तिथे आमच्या साइजचे दोनच टायर होते, 185/65 आर 15. त्याच्यापुढचं 88 एच पण महत्त्वाचं असतं, 88 म्हणजे एक टायर 560 किलो पेलतो आणि एच म्हणजे 210 पर्यंतचा स्पीड. दुकानदार त्यापेक्षा कमी आकड्याचा देत असेल तर घ्यायचा नाही, स्वस्त पडला तरी. मी आधी डीओटी वाचला. एक होता चार महिन्यांपूर्वीचा आणि दुसरा पावणेतीन वर्षांपूर्वीचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, नवाच आहे, गाडीला लागलाच नाही." आमची स्टेपनीपण गाडीला लागली नव्हती. त्यांनी शेजारच्या दुकानातून दुसरा आणून दिला, चांगला माणूस होता, वाद घातला नाही.

मग तो म्हणाला नवे दोन्ही पुढे टाकतो, इंजिन पुढे आहे, वजन पुढे, स्टिअरिंग पुढे. ऐकायला बरोबर वाटतं आणि बहुतेक ठिकाणी हेच करतात. पण दोनच नवे घालायचे असतील तर ते मागे घालायचे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीपण. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलेटर सोडला की परत हातात येते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं आपल्यासारख्या माणसाच्या हातात राहत नाही. घाटात, वळणावर, जूनच्या पहिल्या पावसात हे होतं तेव्हा बाजूला दरी असते. म्हणून मागे घातले, आणि उरलेले दोन व स्टेपनी नागपुरात पोचल्यावर लग्नाच्या आधी बदलली. मामा म्हणाला उद्या बघू, बाबाच म्हणाले नाही, आजच.

व्हॉल्व्हपण नवे घातले, ते रबराचेच असतात आणि तेवढेच जुने. अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं), बॅलन्सिंग केलं. दुकानात नट मशीनने घट्ट करतात, तरी 100 किमी गेल्यावर व्हील पान्याने एकदा बघायचे. नायट्रोजनचं विचारलं त्यांनी, मी साधी हवाच भरली. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, महिन्याला चेक करणार असाल तर जादा पैसे देण्यासारखं त्यात काही नाही.

नक्षीबद्दलपण सांगतो, कारण रोज गाडी चालवणाऱ्यांचा प्रश्न उलटा असतो, वय कमी आणि टायरचा गोटा. टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघितलं की रबराचा एक छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे 1.6 मिमी उरली, कायद्याने तेवढी कमीत कमी लागते. पण 1.6 पर्यंत थांबू नका, कोकणात पावसाळ्यात जाणार असाल तर 3 मिमीलाच बदला. पाणी खाचेतून बाहेर जातं, खाच उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ब्रेक मारून काही होत नाही. हातपण फिरवा टायरवरून, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलेलं आहे. मधोमध झिजला तर हवा जास्त असते, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. आणि कडेला फुगा दिसला, खड्ड्यात आपटून येतो तो, तर टायर त्याच दिवशी काढायचा. त्याला दुरुस्ती नाही.

ताईच्या नव्या गाडीत हवेचा लाइट आहे, ती म्हणते मला काय गरज. पण तो लाइट हवा बरीच उतरल्यावर लागतो, दोन-तीन पीएसआय कमी झाल्याचं तो सांगत नाही.

आता आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी, चहाच्या आधी, गाडी शेडमधून हलवायच्या आधीच, बाबा प्रेशर गेज घेऊन बसतात. गाडी चालवून पंपावर गेलं की टायर गरम होतो आणि आकडा चुकीचा येतो म्हणून घरीच. चार चाकं आणि पाचवी स्टेपनी, आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहितात, दुधाच्या हिशोबाशेजारी. गेल्या महिन्यात उजव्या मागच्याचा आकडा 33 वरून 30 झाला, पुढच्या वेळी 33 भरूनसुद्धा परत 30. बाकी तिन्ही जागच्या जागी. डोळ्यांनी बघून काहीच कळत नव्हतं. बाबांनी साबणाचं पाणी करून टायरवर ओतलं आणि खाली वाकून बघत राहिले, मग मला हाक मारली. नक्षीच्या खाचेत एक छोटा स्क्रू रुतलेला होता आणि त्याच्या डोक्याभोवती अगदी बारीक फेस येत होता, एक बुडबुडा, मग थोड्या वेळाने दुसरा. पंक्चरवाल्या काकांकडे नेला तर ते बाहेरूनच भोकात रबराची दोरी मारत होते, बाबांनी टायर रिमवरून उतरवायला लावला, आतून हात फिरवून बघितला आणि आतून मशरूम पॅच (भोकात देठ आणि आतून ठिगळ, दोन्ही एकत्र) लावून घेतला. वेळ जास्त लागला आणि पैसेपण. बाबा तिथेच स्टुलावर बसून राहिले टायर परत बसेपर्यंत.