कॉर्नब्रेडची कड

पूर्व टेनेसीतल्या ज्या वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये मी काम करतो, तिथे बुधवार बीन्सचा. बाकी दिवशी आजी-आजोबा मुकाट जेवतात, बुधवारी मात्र प्रत्येक जण परीक्षक. पिंटो बीन्स, त्यात हॅमचं हाड, बाजूला कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा ब्रेड, आणि कच्चा कांदा. या डोंगरांतलं हे पिठलं-भाकरीच. लहानपणी रोज खाल्लेलं, त्यामुळे केलेली लबाडी पहिल्याच घासाला पकडली जाते.

मंगळवारी रात्री साडेचार किलो बीन्स भिजत घालतो. सकाळी साडेपाचला सहा हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या घोट्याजवळचे धुरी दिलेले तुकडे, आधी नुसत्या पाण्यात तासभर उकळतात, मग त्यात बीन्स. मीठ अगदी शेवटी, कारण हॉकमधून किती उतरेल याचा नेम नाही. आंबट काही आधी पडलं तर दाणा अडून बसतो. आमसूल डाळ शिजल्यावरच टाकायचं, हे आईने शिकवलेलं इथे कामी आलं. शेवटी डावभर दाणे भांड्याच्या कडेला चिरडायचे, रस्सा आपोआप मिळून येतो.

कॉर्नब्रेडसाठी आमचे खरेदीवाले साहेब गोड मिक्सची पाकिटं पाठवतात. स्वस्त पडतं म्हणे. इथे साखर घातलेल्या कॉर्नब्रेडला लोक केक म्हणतात, आणि ते कौतुक नसतं. मी पांढऱ्या मक्याचं पीठ वेगळं मागवून घेतो. तवे बिडाचे, याच राज्यात साउथ पिट्सबर्गला 1896 पासून लॉज कंपनी ओतते ते. बेकनची चरबी घालून तवा ओव्हनमध्ये धूर येईपर्यंत तापवायचा आणि बटरमिल्कमध्ये भिजवलेलं पीठ त्यात ओतायचं. चर्र आवाज आला नाही तर कुरकुरीत कड धरणार नाही, आणि भांडणं सगळी कडेवरूनच होतात.

आमच्याकडे एक आजोबा आहेत. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास, म्हणून चौथ्या पातळीचं जेवण, म्हणजे पूर्ण वाटलेलं. चमचा तिरका केला की गोळा एकसंध सुटून पडला पाहिजे, चिकटता कामा नये, ओघळता कामा नये. सगळीकडे असं जेवण म्हणजे ताटात तीन रंगांचे लगदे. मी बीन्स वाटून दोनदा चाळणीतून काढतो, कारण सालाचा एक कपटाही घशात अडकतो. कॉर्नब्रेड गरम दुधात भिजवून, वाटून, घट्ट करणारी पावडर घालून साच्यात बसवतो. त्या बुधवारी तर वरून तव्यातल्या चरबीचा थेंब सोडला होता. चव शंभर टक्के तीच. मी स्वतः नेऊन ठेवलं.

त्यांनी चमचा लावला, माझ्याकडे पाहिलं, ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं. मग हाताने पेला धरल्यासारखं केलं. मला कळेना. शेजारी बसलेल्या आजी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “रोज रात्री पेलाभर बटरमिल्कमध्ये कॉर्नब्रेड कुस्करून खायचे. साठ वर्षं.”

हे नेमकं सगळ्यात धोक्याचं. पातळ पदार्थ आधी घशात घसरतो, रवाळ मागे राहतो, दोन्ही एका वेळी सांभाळणं अशा घशाला जमत नाही. श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया. गिळण्याचं बघणाऱ्या आमच्या स्पीच थेरपिस्ट बाई कडक आहेत आणि बरोबर आहेत, फक्त आपण लिहून दिलेलं जेवण त्यांनी कधी चाखून पाहिलेलं नाही. मी आजींना समजावलं. “यस मॅम, सॉरी मॅम” करत किचनमध्ये परतलो.

दहा मिनिटांनी ट्रे आणायला गेलो तर दारातूनच दिसलं. आजींनी आपल्या ताटातली कड मोडून आपल्याच बटरमिल्कमध्ये बुडवली होती आणि चमच्याच्या टोकावर, नखाएवढी, त्यांना भरवत होत्या. हनुवटी खाली, एक घास, थांबायचं, पुन्हा गिळायचं. थेरपिस्टबाईंनी शिकवलेलं सगळं त्या तंतोतंत पाळत होत्या. फक्त चमच्यात भलतंच होतं.

असं दिसलं की नर्सला तत्काळ सांगायचं, हा नियम. माणूस निळा पडताना मी याच डायनिंग हॉलमध्ये पाहिलाय, म्हणजे मला कल्पना नव्हती असंही नाही. तरी मी ट्रॉली धरून उभा राहिलो. चार घास झाले. पाचव्याला त्यांनी स्वतःच मान हलवून नको म्हटलं.

ट्रेच्या नोंदीत मी ‘वाटलेलं जेवण, दोन चमचे’ एवढंच लिहिलं. ते खरंच होतं. पुढचे तीन दिवस कामावर आल्या आल्या, एप्रनही न बांधता, नर्सला विचारत होतो, आजोबांना ताप आहे का? नव्हता. चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, तुला का एवढी काळजी? मी म्हटलं, जेवत नाहीत नीट म्हणून.

पुढच्या बुधवारी आजी वाढायच्या खिडकीशी आल्या.

“कडेचा तुकडा दे, हनी. माझ्यासाठीच.”

मी दिला.